भिगवणचे फोटो घरी आणून बघितले की फिके का दिसतात? पक्ष्यांच्या फोटोंच्या प्रोसेसिंगबद्दल मदत हवी

नवखा_खंड्या

नमस्कार मंडळी,

मागच्या हिवाळ्यापासून पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड लागलंय. पुण्याहून भिगवण सोयीचं पडतं त्यामुळे सुट्टी मिळाली की कुंभारगाव गाठायचं, पहाटे नाव घ्यायची आणि उजनीच्या पाण्यावर उन्हं चढेपर्यंत हिंडायचं असं चाललंय. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरवाला, लेन्स १५०-६००, आणि खरं सांगायचं तर लेन्स कायम ६०० लाच अडकलेली असते, अ‍ॅपर्चर ६.३. नाव हलते म्हणून शटर १/२००० ठेवतो, त्यामुळे आयएसओ १६०० ते ३२०० आणि ढगाळ असलं की सरळ ६४००.

आता अडचण. समोर बघताना रोहित पक्षी काय सुंदर दिसतात, पण घरी येऊन फोटो उघडला की सगळं धुरकट, पांढरट-राखाडी, गुलाबी म्हणून काही नाहीच. डीहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) ओढला तर चित्र जरा उठतं पण पाणी निळंजांभळं होतं आणि नॉइज (दाणेदारपणा) दुप्पट. मग नॉइज काढायला जावं तर पक्षी प्लास्टिकचा वाटायला लागतो. मोठ्या बगळ्याच्या अंगावर तर पिसंच दिसत नाहीत, नुसता पांढरा डाग. आणि एवढं करून जो बरा वाटतो तो फोटो घरच्यांना मोबाइलवर पाठवला की तिथे अजूनच मरगळलेला दिसतो, लॅपटॉपवर मात्र ठीक असतो, हे काय गौडबंगाल आहे कळेना.

यूट्यूबवर बघून बघून डोकं फिरलंय, प्रत्येक जण वेगळेच स्लायडर हलवतो. नेमकी सुरुवात कुठून करायची, कुठे थांबायचं? आणि आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणतात की एडिटिंग म्हणजे फसवणूक, कॅमेऱ्यातून आलं तसंच दाखवायचं. ते खरं का?

सह्यकडा

रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढता की जेपेग? कॅमेऱ्यात कलर स्पेस काय ठेवलीय? आणि एडिटिंग रात्री करता का, म्हणजे लॅपटॉपला ते पिवळट नाइट लाइट चालू असतं का? एवढं सांगा, अर्धी उत्तरं त्यातच निघतील.

नवखा_खंड्या

दोन्ही काढतो, रॉ अधिक जेपेग. पण एडिट जेपेगच करतो कारण रॉ उघडलं की ते जेपेगपेक्षाही फिकं दिसतं. कलर स्पेस अ‍ॅडोबी आरजीबी आहे, दुकानात म्हणाले होते की त्यात जास्त रंग मावतात. एडिटिंग जेवणं झाल्यावरच, आणि हो, नाइट लाइट आपोआप चालू होतं संध्याकाळी. लाइटरूम आहे. लॅपटॉप ऑफिसचाच, ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही.

सह्यकडा

मोबाइलवरच्या मरगळीचं कारण तिथेच आहे. अ‍ॅडोबी आरजीबीत रंग जास्त मावतात हे बरोबर, पण ती फाइल दाखवणाऱ्याला ते कळलं पाहिजे ना. काही अ‍ॅप अपलोड करताना कलर प्रोफाइल काढून टाकतात आणि मग तेच आकडे एसआरजीबी (पडद्यांची नेहमीची कलर स्पेस) समजून दाखवले जातात, की रंग उतरलेच. एक्सपोर्ट करताना कलर स्पेस एसआरजीबी करा, विषय संपला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून दाबून त्याचा चोथा करतं.

नाइट लाइट एडिटिंगच्या वेळी बंदच. पडदा पिवळा असला की तुमचा डोळा तो पिवळेपणा भरून काढायला फोटो निळ्याकडे ढकलतो आणि सकाळी उठून बघितलं की सगळे पक्षी गारठलेले. तसंच स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण फुल ठेवून एडिट केलं तर प्रिंट काळी येते. बाकीचं पाणकोंबडीताई सांगतील, त्या भिगवणच्याच आहेत जवळजवळ.

पाणकोंबडी

भिगवणची नाही हो, सासर बारामतीचं एवढंच :)

खंड्याभाऊ, तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट आधी सांगते कारण तिच्यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही म्हणता रोहित राखाडी-पांढरट दिसतो, गुलाबी नाहीच. पण भिगवणला आपण बघतो ते बहुतेक मोठे रोहित, आणि मोठा रोहित पाण्यात उभा असतो तेव्हा तो बराचसा पांढराच असतो, गुलाबी झाक असलेला पांढरा. लाल-गुलाबी रंग आहे तो पंखात, आणि पंख मिटलेले असले की त्यातला थोडासाच दिसतो. उडाला की मग तो अग्नी पेटतो, वरची पिसं लाल आणि कडेची काळी, म्हणून तर त्याला अग्निपंख म्हणतात. शिवाय थव्यात जे करडे, मातकट दिसतात ती पिल्लं आहेत, म्हणजे मोठी झालेली पण रंग न आलेली. त्यांना तो गुलाबी यायला काही वर्षं जातात, खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमधून हळूहळू चढतो तो. तेव्हा तुमच्या फोटोतला करडा पक्षी कदाचित करडाच असेल! त्याला सॅच्युरेशन देऊन गुलाबी केलात तर तुम्ही त्याचं वय बदललंत.

हे मुद्दाम लांबण लावून सांगतेय कारण प्रोसेसिंग म्हणजे पक्षी होता तसा परत आणणं, आणि तो कसा होता हे माहीत नसेल तर कुठलाच स्लायडर कामाचा नाही. फोटो उघडण्याआधी पक्ष्यांचं पुस्तक उघडा, त्या पक्ष्याच्या चोचीचा, पायाचा, डोळ्याचा रंग बघून घ्या. गंमत म्हणजे गुलाबी जास्त ओढला की मोठ्या रोहितची फिकट गुलाबी चोच गडद होते, आणि गडद चोच ही छोट्या रोहितची खूण. ठाण्याच्या खाडीत दोन्ही असतात, तिथे असा एखादा फोटो टाकला की खाली ओळख पटवण्यावरून जुंपलीच म्हणून समजा. किनाऱ्यावरच्या तुताऱ्यांचंही तसंच, ग्रीनशँकचे हिरवट पाय व्हाइट बॅलन्स गरम करून पिवळे केले की तो पक्षी दुसराच कोणीतरी होऊन बसतो.

आता रॉबद्दल. रॉ फिकं दिसतं कारण ते शिजवलेलंच नसतं, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने कॉन्ट्रास्ट, रंग, शार्पनिंग घालून वाढलेलं ताट. लाइटरूममध्ये प्रोफाइल म्हणून एक जागा आहे, तिथे अ‍ॅडोबी कलरऐवजी तुमच्या कॅमेऱ्याचं स्टँडर्ड किंवा न्यूट्रल प्रोफाइल निवडा, लगेच अर्धा फिकेपणा जातो. आणि रॉच धरा, कारण १४ बिटच्या रॉमध्ये एकेका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये फक्त २५६. पहाटेच्या धुक्यात सगळा फोटो मधल्या थोड्याशा पायऱ्यांवर गोळा झालेला असतो, जेपेगमध्ये तो ताणायला गेलं की आकाशात पट्टे पडतात. डीहेझने तुमचं पाणी जांभळं होतं त्यात याचाही हात आहे.

धुकट फोटोला डीहेझ मी शक्यतो लावतच नाही किंवा लावला तर ५-१० च्या पुढे नाही. त्याआधी हिस्टोग्राम (फोटोतल्या काळोख-उजेडाचा आलेख) बघते. डावीकडे रिकामी जागा असेल तर ब्लॅक्स खाली ओढायचा, हिस्टोग्राम कडेला जेमतेम टेकेपर्यंत. नुसत्या तेवढ्याने धुकं फाटतं. मग व्हाइट बॅलन्स, आणि इथेही जरा सबुरीने, पांढऱ्या बगळ्यावर ड्रॉपर टेकवला की तो शुद्ध पांढरा होतो पण सकाळची सोनेरी उन्हंही त्याच्याबरोबर धुऊन निघतात. पहाटेचा बगळा थोडा पिवळसर असलाच पाहिजे की! मी ड्रॉपरने बघते, आणि मग अर्ध्या वाटेवर परत येते.

बगळ्याच्या पांढऱ्या डागाबद्दल मात्र घरी बसून फार काही होत नाही. लाल, हिरवा, निळा यातला एखादाच चॅनल फुटला (उजेडाने टोकाला गेला) असेल तर रॉमध्ये हायलाइट्स खाली आणून पिसं परत येतात, तिन्ही फुटले असतील तर तिथे माहितीच नाही, जास्तीत जास्त करडा ठिपका मिळेल. म्हणून काढतानाच एक्सपोजर कॉम्पेन्सेशन. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर उणे ०.७ किंवा उणे १, कारण कॅमेरा ते काळं पाणी बघून फोटो उजळ करायला जातो आणि बगळा जळतो. उजळ आकाशासमोर उडणारा भोवत्या असेल तर उलट, अधिक १ किंवा त्याहूनही जास्त. कॅमेऱ्यात ते जळलेले भाग लुकलुकतात ना, ते चालू ठेवा. ते जेपेगवरून दाखवतात त्यामुळे किंचित लुकलुकलं तर रॉमध्ये बहुधा वाचतं.

आणि उन्हं चढल्यावर जे फोटो काढता ते मऊ येतात त्याला ना लेन्स जबाबदार ना फोकस. तापलेल्या चिखलावरून आणि पाण्यावरून हवा थरथरते, ६०० मिमीला ती थरथर मोठी होऊन दिसते. त्याला जगात कुठलंही सॉफ्टवेअर नाही. नावाड्याला सांगा जरा लवकर निघू, किंवा पक्षी जवळ असेल तेव्हाच काढा.

मास्कचं, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडून एडिट करण्याचं, कोणीतरी सांगा आता, मला कुकर लावायचाय.

आयएसओ६४००

नावातच आयएसओ आहे म्हणून नॉइजचं मी बोलतो.

पहिली गोष्ट म्हणजे १०० टक्के झूम करून नॉइज बघून घाबरणं बंद करा. तुमचा फोटो ६००० पिक्सेल रुंद, तुम्ही टाकणार २०४८ ला, तो लहान होतानाच कितीतरी नॉइज आपोआप मरतो. ज्या साइजला लोक बघणार त्या साइजला बघा आणि मग ठरवा. हां, जास्त क्रॉप केलं की ही सवलत संपते. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की ३००० बाय २००० राहतात, म्हणजे २४ चे ६ मेगापिक्सेल झाले. स्क्रीनला पुष्कळ, ३०० डीपीआयने प्रिंट काढली तर जेमतेम १० इंच रुंद. त्याच्या पुढे क्रॉप करून ‘डिटेल येत नाही हो’ म्हणणारे लोक मला फार भेटतात, अरे येणार कुठून, पक्षी पलीकडच्या काठावर होता.

दुसरं, नॉइज दोन जातीचा. रंगाचा, म्हणजे सावलीत लाल-हिरवे ठिपके, तो बिनधास्त काढा, लाइटरूम स्वतःच २५ वर ठेवतं ते बहुतेक वेळा पुरतं. आणि दुसरा उजेडाचा, वाळूसारखा दाणा, तो थोडा ठेवायचा. तो पूर्ण काढला की पक्षी प्लास्टिकचा, कारण सॉफ्टवेअरला बारीक पिसं आणि बारीक दाणा यात फरक कळत नाही, दोन्ही पुसतं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये ते एआयवालं डीनॉइज आलं, ते खरंच भारी आहे पण त्याला रॉ लागतं आणि ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका फोटोला चहा होतो. आपोआप ५० वर येतं, मी २५ ते ३५ च्या पुढे नेत नाही. हे सगळ्यात आधी करून घ्यायचं, मास्क वगैरे नंतर. तुमच्या लॅपटॉपवर ते जमत नसेल तर डार्कटेबल वापरून बघा, फुकट आहे, त्यात डीनॉइज प्रोफाइल्ड म्हणून मोड्यूल आहे, ते तुमच्या कॅमेऱ्याचा तुमच्या आयएसओला किती नॉइज येतो याचं मोजमाप घेऊन बसलेलं असतं. शिकायला जरा किचकट आहे, पहिल्या आठवड्यात शिव्या द्याल.

आता मास्क, कारण प्लास्टिकवर खरा इलाज तोच. नॉइज दिसतो कुठे? गुळगुळीत भागात, पाण्यात, आकाशात, मागच्या धूसर गवतात. पिसांमध्ये तो लपून जातो. आणि शार्पनिंग पाहिजे कुठे? पिसांवर. मग सगळ्या फोटोला एकच माप कशाला? सिलेक्ट सब्जेक्ट दाबा, पक्ष्याचा मास्क घ्या, त्याला थोडं टेक्स्चर, थोडं शार्पनेस. त्याचाच उलटा मास्क करा, बॅकग्राउंडला नॉइज रिडक्शन जोरात, शार्पनिंग शून्य. एवढं केलं की फोटो ओळखू येत नाही.

सगळ्या फोटोचं शार्पनिंग करायचंच असेल तर डिटेल पॅनेलमध्ये मास्किंगचा स्लायडर आहे, ऑल्ट दाबून धरा आणि तो सरकवा, पडदा काळापांढरा होतो, पांढरं दिसतंय तेवढ्यावरच शार्पनिंग लागणार. पाणी काळं होईपर्यंत सरकवा. रेडियस १ च्या आत ठेवा पिसांना, जास्त ठेवला की जाड काठ दिसतात.

जसं_दिसलं_तसं

धागा चांगला चाललाय पण मी त्या काकांच्या बाजूचा. तुम्ही सगळे म्हणता थोडंसं, पण थोडंसं कोणाचं थांबत नाही. आज पिसं, उद्या मधे येणारी काडी पुसली, परवा मागचं पान, मग आकाश बदललं. हल्ली सोशल मीडियावर जे तिबोटी खंड्याचे फोटो फिरतात ते बघून मुलांना वाटत असेल की हा पक्षी ट्यूबलाइट लावून फिरतो. चिपळूणच्या बाजूला पावसाळ्यात ऐन झाडीत, अंधारात, पाऊस टपकत असताना तो बसलेला असतो, ते वातावरण कुठे गेलं त्यात? मी जेपेगच काढतो आणि जसाच्या तसा ठेवतो.

पाणकोंबडी

तिबोटीचं अगदी पटलं. तो मुळात एवढा रंगीत आहे की त्याला व्हायब्रन्स लावणं म्हणजे लाडवाला साखर लावणं. पण जेपेग जसंच्या तसं म्हणता ते तरी कुठे जसंच्या तसं असतं, ते कॅमेऱ्यातल्या चिपने एडिट केलेलं असतं एवढंच. कॅमेऱ्यात विविड ठेवलं की तोच पक्षी वेगळा, न्यूट्रल ठेवलं की वेगळा. मग यातलं ‘दिसलं तसं’ कुठलं?

रोलवाले_काका

हा वाद आमच्या वेळीही होता, फक्त तेव्हा बाटल्या होत्या, आता बटणं आहेत.

मी स्लाइड फिल्मवर पक्षी काढलेत. १९९० मध्ये वेल्व्हिया आली, ५० आयएसओची, हिरवा आणि लाल इतका भडक द्यायची की कर्नाळ्याचं जंगल बघून परदेशातल्या जंगलासारखं वाटायचं. आम्ही ती का घ्यायचो? भडक म्हणूनच. कोणी म्हटलं नाही की ही फसवणूक. ब्लॅक अँड व्हाइटवाले तर डार्करूममध्ये हाताची सावली धरून एखादा भाग उजळ, एखादा गडद करायचे, त्याला डॉजिंग-बर्निंग म्हणायचे, आजचा तुमचा मास्क म्हणजे तेच. तेव्हा प्रोसेसिंग केलं की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे.

पण जसंदिसलं म्हणतात त्यात तथ्य आहे आणि त्याची रेघ बरीच आधी आखून ठेवलेली आहे. फियाप आणि पीएसए या फोटोग्राफीच्या संस्थांच्या स्पर्धांमध्ये नेचर विभागाची जी व्याख्या आहे तिचा गाभा असा की चित्रात काही घालायचं नाही, काढायचं नाही, हलवायचं नाही. क्रॉप चालतं, सेन्सरवरची धूळ आणि नॉइज काढलेला चालतो कारण ते कॅमेऱ्याने आणलेलं, निसर्गातलं नाही. उजेड, कॉन्ट्रास्ट, रंग नैसर्गिक वाटेल इतपत चालतात. चोचीपुढे आलेली काडी मात्र चालत नाही, ती जागेवर होती, ती राहणार. स्पर्धेत शेवटच्या फेरीला मूळ रॉ फाइल मागतात, तेव्हा काडी पुसणाऱ्यांची तारांबळ बघण्यासारखी असते.

स्पर्धेत जायचं नसलं तरी मी तेवढीच रेघ पाळतो. भिंतीवर लावायला कोणी काडी पुसली तर माझं काही म्हणणं नाही, फक्त पुसली म्हणून लिहावं.

जसं_दिसलं_तसं

काका, ही रेघ मला मान्य आहे. जेपेग मात्र सोडणार नाही, आळस आहे खरं कारण :)

पी९००वाली

माझ्याकडे रॉचा पर्यायच नाही त्याचं काय? निकॉनच्या पी९०० ला रॉ येतच नाही, ते पुढे पी१००० आणि पी९५० मध्ये आलं. आणि आपल्याकडे निम्मे पक्षीवाले याच कॅमेऱ्यांवर आहेत, सगळ्यांकडे दीड लाखाची लेन्स नसते ओ. तर जेपेगवाल्यांसाठी मी काय करते ते सांगते. कॅमेऱ्यातच शार्पनिंग आणि कॉन्ट्रास्ट कमी करून ठेवलंय, म्हणजे नंतर घालायला जागा राहते, जास्त घातलेलं काढता येत नाही. एक्सपोजर थोडं खालीच ठेवते कारण जेपेगमध्ये जळलेलं पांढरं कायमचं गेलं. घरी आल्यावर मोबाइलवरच स्नॅपसीडमध्ये सिलेक्टिव्ह म्हणून आहे, पक्ष्यावर बोट ठेवायचं आणि तेवढ्याच भागाचा ब्राइटनेस वाढवायचा, बाकी फोटोला हात नाही. कोतवाल, कोकिळ असे काळे पक्षी याने छान उघडतात, नाहीतर नुसती काळी आकृती आणि त्यात एक डोळा. फार उघडायचं नाही, कोतवाल करडा दिसायला लागला की परत फिरायचं.

आणि ते एआय शार्पनवाले अ‍ॅप टाळा बाई. लांबच्या मऊ फोटोवर ते चक्क पिसं काढतं, म्हणजे काढतं तसं नाही, चितारतं. नसलेल्या रेघा. एका फोटोत तर पाणकावळ्याच्या मानेवर खवले आले होते माशासारखे.

आयएसओ६४००

खवले 😂 पण हे अगदी बरोबर. पक्षी मऊ आहे तर मऊ राहू द्या. ओळख पटवायला म्हणून फोटो टाकणार असाल तर असली अ‍ॅप वापरूच नका, पिसांच्या रेघांवरून जात ठरते कधीकधी आणि त्या रेघा मशीनने काढलेल्या असल्या की बिचारा जाणकार काय सांगणार.

नवखा_खंड्या

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. काल बसून रॉपासून सुरुवात केली. प्रोफाइल बदलून, ब्लॅक्स टेकवून धुकं खरंच फाटलं, डीहेझला हात लावला नाही. एसआरजीबीचंही काम झालं, बायकोच्या मोबाइलवर आणि लॅपटॉपवर आता सारखंच दिसतंय. आणि पाणकोंबडीताई, त्या थव्यात खरंच पाच-सहा करडी पिल्लं निघाली, मी त्यांनाच गुलाबी करायला बघत होतो.

नवीन अडचण म्हणजे मास्क. शेकाट्याचे पाय सिलेक्ट सब्जेक्टमध्ये येतच नाहीत, अर्धे येतात अर्धे गायब. आणि चित्रबलाकाच्या भोवती पांढरी कड दिसते, आकाशासमोर तर फारच, देवाच्या फोटोत प्रभावळ असते तशी. अजून एक, पक्षी उजळ केला पण फोटो बघताना काहीतरी खोटं वाटतं आणि काय ते सांगता येत नाही. फोटो पाण्यातला आहे.

आयएसओ६४००

शेकाट्याचे पाय म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअरची परीक्षाच. मास्कमध्ये अ‍ॅड करून ब्रश घ्या, ऑटोमास्क चालू ठेवा आणि पायावरून हाताने फिरवा, पाण्यात गेलेलं सबट्रॅक्ट करा. पाच मिनिटं लागतात, लागू देत.

प्रभावळ येते ती क्लॅरिटी आणि शॅडोज जास्त ओढल्यामुळे, मास्क काठावर थोडा बाहेर सांडलेला असतो आणि तिथलं आकाशही उजळतं. शॅडोज ऐवजी एक्सपोजर थोडं वाढवा, क्लॅरिटी सोडा आणि टेक्स्चर वापरा, ते बारीक पिसांवरच जास्त काम करतं. तरी कड राहिली तर आकाशाचा मास्क घेऊन कडेपुरता जरा गडद. आणि चित्रबलाकाच्या पायाला, फांदीला जांभळी-हिरवी कड असेल तर ती वेगळी, ती लेन्सची, त्याला रिमूव्ह क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनवर टिक करा. राहिलीच तर डीफ्रिंज, पण शिंजीराच्या फोटोवर डीफ्रिंज लावताना सांभाळून, त्याचा स्वतःचा जांभळाच काठावरून खाऊन टाकतं ते कधीकधी. शिंजीराचा रंग तसाही उजेडाच्या कोनावर असतो, एका बाजूने काळा आणि एका बाजूने चमकता, दोन्ही बाजू सारख्या करायला जाऊ नका.

पाणकोंबडी

खोटं वाटतंय ते प्रतिबिंब असणार, पैज लावते. मास्कने फक्त पक्षी घेतला, तुम्ही पक्षी उजळ केला आणि पाण्यातलं प्रतिबिंब होतं तसंच राहिलं. डोळ्याला लगेच खटकतं पण बोट ठेवता येत नाही. प्रतिबिंब मूळ पक्ष्यापेक्षा थोडं गडद असतंच, पण फरक वाढला की गडबड. ब्रशने प्रतिबिंबाचाही मास्क घ्या आणि पक्ष्याला जेवढं दिलं त्याच्या निम्मं-पाऊण द्या. पक्ष्यापेक्षा उजळ मात्र कधीच नाही.

डोळ्याचंही सांगून ठेवते. डोळ्यावर छोटा ब्रश घेऊन एक्सपोजर ०.२ ते ०.३, एवढंच पुरतं, त्यातली चमक आधीपासून असेल तर ती उठते. नसेल तर पांढरा ठिपका रंगवू नका, दोन सूर्य असल्यासारखं दिसतं.

नवखा_खंड्या

प्रतिबिंबच होतं! आत्ता करून बघितलं, जमलं. ताई पैज जिंकलात, भिगवणला मासे माझ्याकडून.

शेवटचा प्रश्न. एक्सपोर्टला नेमकं काय ठेवू? आणि माझ्याकडे एका घुबडाच्या ढोलीचा फोटो आहे, जोडी आहे आणि आत पिल्लं दिसतात, फोटो बरा आलाय, तो टाकू का?

सह्यकडा

एक्सपोर्ट: जेपेग, एसआरजीबी, लांब बाजू २०४८, क्वालिटी ८० ते ८५, आउटपुट शार्पनिंग स्क्रीनसाठी स्टँडर्ड. इन्स्टाग्रामला टाकायचा तर रुंदी १०८० ला स्वतःच करून टाका, त्यांच्यावर सोडलं की ते त्यांच्या पद्धतीने चेपतात. प्रिंटला वेगळी फाइल, पूर्ण साइजची, आणि स्क्रीनपेक्षा किंचित उजळ.

घुबडाचा टाकू नका सध्या, ढोलीची जागा कळली की पिल्लांना त्रास. पिल्लं उडून गेल्यावर बघू. तेव्हाही मेटाडेटामध्ये रिमूव्ह लोकेशन इन्फो वर टिक करा, मोबाइल जोडून जीपीएस घेणारे कॅमेरे फोटोत जागा लिहून ठेवतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. फोटोखाली गावाचं नावही नको, तालुका पुरे.

रोलवाले_काका

तालुकाही नको. जिल्हा लिहा. आणि मागे ओळखू येणारं देऊळ किंवा टॉवर असेल तर क्रॉप करा, क्रॉप नियमात बसतं.

नवखा_खंड्या

मागे पाण्याची टाकी आहे, तिच्यावर गावाचं नाव लिहिलंय. ठेवतो तसाच हार्ड डिस्कवर.